आधी तर्क, मग आकाश!

निरीक्षणाची वाट न पाहता केवळ अमूर्त कल्पनांवरून निष्कर्ष काढणाऱ्या विचारपद्धतीस तत्त्वज्ञानात ‘प्रागनुभविक’ असे म्हणतात. गणितात ती सर्वस्वी वैध आहे. त्रिकोणाचे गुणधर्म सिद्ध करण्यासाठी कोणी मोजपट्टी घेऊन हिंडत नाही. निसर्गाबाबत मात्र ती कशी फसते, याचे जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहानेस केप्लर (१५७१-१६३०) यांच्याइतके बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तेव्हा पृथ्वी धरून सहा ग्रह ज्ञात होते. सहाच का, हा प्रश्न ग्राझ येथे गणित शिकविणाऱ्या केप्लर यांना भेडसावत होता. (आज तो कोणी विचारणारही नाही.) १५९५ साली त्यांना उत्तर गवसले ते भूमितीत. सर्व पृष्ठे एकसारखी असलेल्या सुसम घनाकृती पाचच असू शकतात, हे युक्लिडपासून सिद्ध होते. सहा ग्रहांमधील अंतरेही पाचच! शनी व गुरू यांच्या गोलांमध्ये घन, गुरू-मंगळामध्ये चतुष्फलक, मंगळ-पृथ्वीमध्ये द्वादशफलक, पृथ्वी-शुक्रामध्ये विंशतिफलक आणि शुक्र-बुधामध्ये अष्टफलक, अशी रचना त्यांनी १५९६ च्या ग्रंथात मांडली. ईश्वराने विश्व भूमितीनुसारच घडविले असणार, ही त्यामागील श्रद्धा. गंमत म्हणजे, कोपर्निकसने काढलेल्या अंतरांशी हा आराखडा बऱ्याच अंशी जुळतही होता.

अधिक अचूक नोंदी होत्या टायको ब्राहे यांच्यापाशी. दुर्बिणीपूर्वीच्या काळात नुसत्या डोळ्यांनी घेतलेल्या त्या नोंदींत चूक असे ती सहसा एक-दोन कलांची. १६०० मध्ये केप्लर त्यांच्याकडे प्रागला गेले. वर्तुळाकार कक्षा गृहीत धरून मंगळाचे गणित मांडताना आठ कलांचा फरक उरला. चंद्रबिंबाच्या सुमारे चतुर्थांशाएवढा. दुसऱ्या कोणी त्याकडे काणाडोळा केला असता. केप्लर यांनी मात्र टायकोंच्या नोंदींवर विश्वास ठेवला, शतकानुशतके पवित्र मानलेले वर्तुळ सोडले आणि १६०९ साली लंबवर्तुळाकार कक्षेचा नियम प्रसिद्ध केला.

तरीही घनाकृतींचा मोह सुटला नाही. किंबहुना विश्वातील सुसंवादाच्या त्याच ध्यासातून १६१९ मध्ये त्यांचा तिसरा नियम प्रसिद्ध झाला, हेही नाकारता येत नाही. जुन्या ग्रंथाची दुसरी आवृत्ती त्यांनी १६२१ मध्ये नव्या टिपांसह काढली. पुढे १७८१ साली विल्यम हर्शेल यांना युरेनस सापडला. त्याच्यासाठी सहावी घनाकृती शिल्लकच नव्हती.