शिरूर-दौंड तालुक्यांतील आरोग्य केंद्रांची वाढीव निधीची मागणी : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

महाराष्ट्रात 1 मे 1962 रोजी जिल्हा परिषदा अस्तित्वात आल्या आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांच्या वाढीव निधीच्या मागण्या आरोग्य समिती व अर्थ समिती यांच्यापुढे येऊ लागल्या. ग्रामीण व उपजिल्हा रुग्णालये मात्र राज्य शासनाच्या अखत्यारीत राहिली. रुग्ण तेच, दारे दोन!

मागणी पारखण्याचा मुख्य निकष लोकसंख्येचा : सपाट प्रदेशात 30,000 लोकांमागे एक केंद्र, 5,000 लोकांमागे एक उपकेंद्र. शिरूर व दौंड तालुक्यांत हा निकष तोकडा ठरतो. रांजणगाव व कुरकुंभ औद्योगिक वसाहतींतील परप्रांतीय कामगार आणि गळीत हंगामात येणारी ऊसतोड कुटुंबे उपचारासाठी येथील केंद्रांतच येतात. गावच्या लोकसंख्येत त्यांची गणना असतेच असे नाही.

2005 मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने उपकेंद्रास वार्षिक 10,000 व प्राथमिक आरोग्य केंद्रास 25,000 रुपयांचा अबंधित निधी दिला. खर्चाचा निर्णय स्थानिक पातळीवर आला, ही मोठीच जमेची बाजू. परंतु कारखान्यांलगतच्या केंद्रास जेवढी रक्कम, तेवढीच तुरळक वस्तीच्या केंद्रास. बाह्यरुग्ण नोंदवही हा मागणीचा खरा पुरावा. अंदाजपत्रक मात्र मागील वर्षाच्या खर्चावर बेतले जाई आणि निधीअभावी न झालेला खर्च गरजच नव्हती असा वाचला जाई.