गायकाचा गळा आणि तबकडीचे स्वामित्वधन

इ. स. १९०२ च्या नोव्हेंबर महिन्यात ग्रामोफोन कंपनीचे फ्रेड गैसबर्ग यांनी कलकत्ता येथे गोहरजान यांचे गायन तबकडीवर उतरविले. गायन संपताच बाईंनी इंग्रजीतून आपले नाव उच्चारले. वाचकांस यात गर्वाचा भास होईल. परंतु कारण अगदी साधे होते. तबकड्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे तयार होत आणि कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव छापावयाचे, हे तेथील कारागिरांस त्या उच्चारावरून कळे. बालपणी आळीतील एका जुन्या यंत्रावर अशी नावे ऐकून आम्ही मुले हसत असू! गायकास नाव मिळे, बिदागी मिळे. पुढे तबकडी कितीही खपो, करारात लिहिले असेल त्यापलीकडे त्याचा कायद्याने काडीचाही हक्क नसे.

बोलपटांच्या काळात हा प्रश्न अधिक तीव्र झाला. १९६० नंतरच्या दशकात लता मंगेशकर यांनी गायकांसही तबकडीच्या विक्रीवर स्वामित्वधन मिळावे अशी मागणी केली. महंमद रफी यांचे मत निराळे होते. एकदा बिदागी स्वीकारली की व्यवहार पुरा झाला, असे ते म्हणत. मतभेद इतका विकोपास गेला की काही वर्षे उभयतांची युगुलगीते बंद पडली, आणि त्या काळात रफींसमवेत सुमन कल्याणपूर यांचा मधुर स्वर पुष्कळ ऐकू आला. रफींची निःस्पृहता वंदनीय खरी. परंतु ज्या गायकास उभ्या आयुष्यात दोनचारच गाणी लाभली आणि पुढे ज्याचा गळा थकला, त्याने काय करावे? आमच्या मते लताबाईंचेच म्हणणे न्यायाचे होते.

कायदा मात्र दोघांच्याही पलीकडे होता. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यान्वये संगीतकृती म्हणजे लिहिलेले वा छापलेले स्वरलेखन. ज्या देशात गानविद्या गुरुमुखातून शिष्याकडे जाते, त्या देशात ही व्याख्या! १९७७ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की निर्मात्याने मोबदला देऊन संगीत करवून घेतले असता, विरुद्ध करार नसल्यास, त्याचा पहिला मालक निर्माताच होय. त्याच निकालात न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी स्वतंत्र टिपण जोडून, गाणाऱ्याच्या गळ्यास कायद्यात स्थानच नाही याकडे संसदेचे लक्ष वेधले.

संसदेस जाग येण्यास सतरा वर्षे लागली. १९९४ च्या दुरुस्तीने ती व्याख्या पालटली व कलावंतांस प्रयोगावर हक्क मिळाला. पुढे गीतकार जावेद अख्तर यांनी राज्यसभेत हा विषय हिरिरीने मांडला. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार व संगीतकार यांच्या स्वामित्वधनाचा वाटा करारानेही सोडवून घेता येणार नाही असे ठरले, आणि व्यापारी उपयोगावर गायकांचाही हक्क मान्य झाला. त्या वेळी लताबाई ८२ वर्षांच्या होत्या. रफींना जाऊन ३२ वर्षे होत आली होती.