पागडीची रक्कम आणि अनामतीची परतफेड

जागा सोडताना आपली ठेव हाती पडेल की नाही, ही मुंबईकर भाडेकरूची विवंचना ज्या इतिहासातून उद्भवली, त्याचा आरंभ १९१८ साली युद्धकालीन भाडेवाढीस सरकारने प्रतिबंध केला तेव्हा झाला. पुढे दुसऱ्या महायुद्धाने शहर दाटून गेल्यावर, १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने सप्टेंबर १९४० चे भाडे प्रमाणभूत ठरवून गिरगाव-परळच्या चाळींतील कुळांस अभय दिले खरे. परंतु गोठलेल्या भाड्याची भरपाई मालकांनी पागडीच्या एकरकमी वसुलीतून करून घेतली. ही वसुली कायद्याने गुन्हा असल्यामुळे तिला ना पावती असे ना दस्तऐवज, आणि म्हणून जागा सोडणारे कूळ आपली रक्कम मालकाकडून नव्हे, तर नव्याने येणाऱ्या कुळाकडून उभी करी, व भाडेपावती त्याच्या नावे करून देण्याबद्दल मालक त्यातला हिस्सा, पुष्कळदा एक-तृतीयांश, घेई. ज्याच्या गाठी पुंजी नाही अशा गरिबास या व्यवहारात दारच नव्हते, हा मला त्याचा सर्वांत मोठा अन्याय वाटतो.

१ फेब्रुवारी १९७३ रोजी जागा ताब्यात असलेल्या परवानाधारकांस, म्हणजे भाडेपट्ट्याऐवजी केवळ वापराच्या परवान्यावर राहणाऱ्यांस, कुळाचे संरक्षण मिळाले आणि मालक सावध झाले; अकरा महिन्यांचा करार व अनामत रक्कम ही रीत रूढ झाली. १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने पागडी वैध केली; शिवाय करार लेखी व नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर टाकून, तो नोंदलेला नसल्यास, अन्यथा सिद्ध होईपर्यंत, अटींविषयी भाडेकरूचेच म्हणणे ग्राह्य धरले.