साचा आणि प्रत

‘नक्कल’ या शब्दास आपल्या भाषेंत फारशी प्रतिष्ठा नाहीं. परीक्षेंत नक्कल करणारास आपण शिक्षा करतों, आणि एखाद्या ग्रंथास ‘नुसती नक्कल’ म्हटलें म्हणजे त्याचा निकाल लागला असें समजतों. तथापि भाद्रपदांत ज्या गणेशमूर्तीची आपण घरोघर स्थापना करतों, ती बहुधा साच्यांतून निघालेली प्रतच असते, व त्यामुळें तिच्या पूजेस तिळभरही उणेपणा येत नाहीं. तेव्हां प्रत केव्हां आदरणीय आणि केव्हां निंद्य, हा प्रश्न वाटतो तितका सोपा नाहीं.

आमच्यापुढें तो एका मुलामुळें आला. सदाशिव पेठेंतील आमच्या शेजारचा हा विद्यार्थी विमानांच्या लहान प्रतिकृति जुळविण्याच्या नादांत आहे. आजोबांनीं दिलेल्या जुन्या संचांतील एक चाक हरवलें, आणि तो संच आतां बाजारांत मिळत नाहीं. त्यानें उरलेलें चाक मेणमातींत अर्धें रुतवून भोंवतीं पुठ्ठ्याची चौकट केली व वरून सिलिकोन रबर ओतलें. तें घट्ट झाल्यावर मेणमाती काढली, रबर रबरास चिकटूं नये म्हणून व्हॅसलिनचा हात फिरविला, आणि दुसरी बाजूही तशीच केली. मग दोन द्रव एकत्र केल्यावर घट्ट होणारें रेझिन त्या जोडसाच्यांत ओतलें. पहिल्या दोन चाकांत हवेचे बुडबुडे राहिले. हवा निघून जाण्यास वाट ठेवल्यावर तिसरें उत्तम उतरलें. हें काम तो खिडक्या उघडून व हातमोजे घालून करतो हें पाहून आम्हांस बरें वाटलें, कारण या द्रवांची वाफ अपायकारक असते. परंतु आतां मित्रांनीं सबंध संचाच्याच प्रति काढून विकण्याची टूम काढली आहे. “काका, ही चोरी होईल का?” असें त्यानें आम्हांस विचारलें. इतिहासाच्या शिक्षकानें याचें उत्तर इतिहासांत शोधलें, तर वाचक क्षमा करतील.

साचे मूळचे दोन प्रकारचे. एक एकदांच उपयोगी पडून नाश पावणारा. दुसरा टिकून अनेकांस जन्म देणारा. पहिल्याचें वर्णन कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकांतील ग्रंथांत आढळतें. मेणाची मूर्ति करावी, तिजवर मातीचे थर चढवून ते सावलींत वाळवावे, मग तापवून मेण काढून टाकावें व त्या पोकळींत धातूचा रस ओतावा. मेण आधीं तोलून ठेवावें. रुपें त्याच्या बारापट व सोनें सोळापट घ्यावें, इतका हिशोब तेथें दिला आहे. माती फोडल्याखेरीज मूर्ति हातीं येत नाहीं, आणि एकदां फोडली कीं त्या साच्यांतून दुसरी निघणें नाहीं. प्रवरेच्या कांठीं दायमाबाद येथें १९७४ सालीं हत्ती, गेंडा, रेडा व दोन बैलांचा रथ अशा चार भरीव ओतीव वस्तु सांपडल्या. त्यांच्या काळाविषयीं पंडितांत वाद आहे. परंतु हातभर लांबीचा तो रथ व त्यांत उभा असलेला सारथि पाहिला म्हणजे लहान प्रतिकृतींची हौस आपल्या प्रांतांत किती जुनी आहे, हें ध्यानांत येतें.

दुसऱ्या प्रकारचा साचा पाहावयाचा तर धाराशिव जिल्ह्यांतील तेर येथें, म्हणजे प्राचीन तगर नगरांत, जावें. सातवाहनकाळीं तेथें पांढऱ्या चिकणमातीच्या पोकळ मूर्ति होत. पुढील व मागील भाग निरनिराळ्या साच्यांत दाबून ते मग सांधीत. आमच्या शेजाऱ्याच्या चाकाचीही रीति हीच. ही जोडसाच्याची कला रोमन व्यापाराबरोबर इकडे आली, असें कित्येक विद्वानांचें मत आहे. त्या व्यापाराची याहून बोलकी खूण म्हणजे रोमन नाण्यांवरून ठसे घेऊन केलेलीं मातीचीं पदकें. तीं तेर येथें तशींच तेलंगणांतील कोंडापूर येथेंही मिळालीं आहेत. त्यांवर परदेशीय सम्राटाचें मुख आहे, परंतु तीं गळ्यांत घालण्यासाठीं कडी किंवा भोंक ठेवलेलें आहे. हें भोंक आम्हांस फार महत्त्वाचें वाटतें. हाच ठसा हिणकस धातूवर उठवून तो बाजारांत चालविला असता तर तें खोटें नाणें झालें असतें. मातीच्या पदकानें कोणासच फसविलें नाहीं. आपण प्रत आहों हें तें उघड सांगत होतें.

परंतु प्रामाणिकपणाची बाब एवढ्यानें संपत नाहीं. पुण्यांत श्रीशिवाजी प्रिपरेटरी मिलिटरी स्कूलच्या आवारांत विनायक पांडुरंग करमरकर यांनीं घडविलेला छत्रपतींचा अश्वारूढ पुतळा १९२८ सालीं उभा राहिला. अशा शिल्पांत कलावंत प्रथम माती घडवितो. तिच्यावरून प्लॅस्टरचा साचा, त्या साच्यांतून प्लॅस्टरची मूर्ति आणि तिच्यावरून अखेरीस ब्राँझ. माती मागें राहत नाहीं. म्हणजे ज्यास आपण मूळ समजून वंदन करतों, तें पदार्थाच्या दृष्टीनें प्रतीची प्रत असतें! तरी तें करमरकरांचेंच, ओतणाऱ्याचें नव्हे. साचा आकार उचलतो, कर्तृत्व उचलूं शकत नाहीं.

या दोन उदाहरणांवरून आम्हीं त्या मुलास उत्तर दिलें तें असें: हरवलेलें चाक पुन्हा करणें हा जीर्णोद्धार होय, त्यांत दोष नाहीं. ती प्रत आहे हें कळावें म्हणून आंतल्या बाजूस एखादी खूण मात्र कर. सबंध संच विकणें ही गोष्ट निराळी. ज्यानें मोजमापें घेऊन मूळ साचा कोरला, त्याच्या श्रमांचा मोबदला त्यांत तुमच्या पदरीं पडतो. तेव्हां आधीं त्यास विचारलें पाहिजे.

त्यानें चाकाच्या आंत सुईनें एक बारीक रेघ ओढली, आणि संच काढणाऱ्या कंपनीस परवानगीचें पत्र पाठविलें. मित्र त्याच्यावर थोडे रुष्ट आहेत. पत्राचें उत्तर अद्याप आलेलें नाहीं.