बरणी तेवढी परत करा

शेजारीपाजारी मुरांबा देताना आपल्याकडच्या बायका एक वाक्य न चुकता जोडत असत, "बरणी तेवढी परत करा हं!" आतला मुरांबा घरचा, कैऱ्या परसातल्या, मेहनत स्वतःची, पण बरणी रोख पैसे मोजून आणलेली. चिनी मातीची चांगली बरणी सासूकडून सुनेकडे जाई. आता विचार करा, जी वस्तू भांड्यासकट दुसऱ्याच्या हाती देता येत नाही, ती बाजारात विकायची कशी? फळे टिकविण्याचा इतिहास सांगताना मीठ, साखर आणि उष्णता यांची चर्चा पुष्कळ होते. भांड्याकडे मात्र फारसे कोणी बघत नाही.

भांडे तसे जुनेच. ब्रह्मदेशाच्या किनाऱ्यावरील मर्तबान या बंदरातून मोठमोठ्या बरण्या जहाजांवर चढत. त्या बंदराचेच नाव बरणीला पडले. हिंदी-उर्दूत बरणीला मर्तबान म्हणतात ते त्यामुळे. चौदाव्या शतकातील प्रवासी इब्न बतूता याला पूर्वेकडच्या समुद्रप्रवासात एका राजकन्येने आले, मिरी, लिंबू आणि आंबा खारवून भरलेले मर्तबान दिले, असे त्याने लिहून ठेवले आहे. राजकन्याच ती, तिला बरणी परत मागण्याची गरज नव्हती!

हवाबंद भांड्याची युक्ती काढली ती फ्रान्समधील निकोला आपेर या हलवायाने. पदार्थ बाटलीत भरायचा, बूच ठोकून तारेने आवळायचे आणि बाटली उकळत्या पाण्यात ठेवायची. १८१० मध्ये सरकारने त्याला १२,००० फ्रँक दिले. अट एवढीच की कृती छापून सर्वांना सांगावी. पदार्थ का टिकतो हे त्यालाही ठाऊक नव्हते. तो उलगडा पुढे पन्नासएक वर्षांनी पाश्चरच्या संशोधनाने झाला. पण कृती जगजाहीर झाली म्हणून शेतकऱ्याच्या बायकोला ती परवडली असे नव्हे. तिच्यापुढचा प्रश्न होता झाकणाचा. बूच, मेण, राळ, कातडे असले काहीबाही बांधून काम चाले आणि तेवढेच फसेही.

हा प्रश्न अमेरिकेत जॉन मेसन या पत्रा-कारागिराने सोडविला. ३० नोव्हेंबर १८५८ रोजी त्याला बरणीच्या तोंडावर काचेतच आटे पाडण्याचे पेटंट मिळाले. त्यावर जस्ताचे झाकण फिरवून बसवायचे. आंबट पदार्थाला जस्ताची चव लागे, म्हणून १८६९ मध्ये लुईस बॉइड याने झाकणाच्या आत पांढऱ्या काचेचे अस्तर घातले. बरणी आता चांगली होती, पण स्वस्त व्हायला आणखी तीन गोष्टी लागल्या. पहिली, १८७९ मध्ये मेसनच्या पेटंटची मुदत संपली आणि ज्याला त्याला तशी बरणी काढता येऊ लागली. दुसरी, इंधन. काचेच्या भट्टीचे पोट फार मोठे असते. इंडियाना राज्यात जमिनीतून ज्वालाग्राही वायू निघाला, तेव्हा मन्सी गावाने बॉल बंधूंना वायू आणि जागा देऊ करून त्यांचा कारखाना तिकडे ओढून नेला. आणि तिसरी, यंत्र. तोंडाने फुंकून काच फुगविणाऱ्या कारागिराची जागा शतक संपता संपता यंत्राने घेतली. कारागिरांच्या पोटावर पाय आला, हेही सांगायला हवे. खुद्द मेसन १९०२ मध्ये हलाखीत वारला. ज्याच्या नावाने बरणी घरोघर गेली, त्याच्या पदरात काही पडले नाही.

शिक्षक बंधुभगिनींना पुढची हकीकत विशेष आवडेल. १९१० मध्ये दक्षिण कॅरोलिनातील एकन परगण्यातील मेरी क्रोमर या खेड्यातल्या शाळेच्या बाईंनी चाळीसहून अधिक मुलींचे टोमॅटो मंडळ काढले. प्रत्येक मुलीने एकराचा दहावा हिस्सा, म्हणजे चार गुंठे जमीन, स्वतः कसायची, टोमॅटो काढायचे, शिजवून भरायचे आणि विकायचे. येणारा पैसा तिचा. विक्रीसाठी बहुतेक माल पत्र्याच्या डब्यात गेला. काच दिसायला देखणी खरी, पण ती जड आणि रेल्वेत फुटायची. घरची बरणी आणि बाजारची बरणी एकच असायला हवी असे नाही, हे त्या पोरींनी ओळखले. बापाच्या किंवा नवऱ्याच्या हातातून न आलेला पैसा त्यांतल्या कित्येकींनी प्रथमच पाहिला असेल.

आपल्या कोकणाने याच अडचणीवर निराळाच तोडगा काढला होता. आंबापोळी, फणसपोळी, आमसुले यांना बरणी लागतच नाही. पान, कागद, करंडी एवढ्यावर भागते, म्हणून हा माल घाट चढून पार आडगावच्या बाजारापर्यंत पोचला. मुरांबा मात्र दादरा बांधून माजघरातच राहिला.

काच आपल्याकडे होऊ लागली ती स्वदेशीच्या लाटेत. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून पैसाफंड उभा केला, लोकमान्य टिळकांनी त्याला पाठबळ दिले, आणि त्या फंडातून १९०८ मध्ये तळेगावास काचकारखाना निघाला. जपान-अमेरिकेत शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे काम शिकवू लागले. १९१६ मध्ये कऱ्हाडजवळ ओगल्यांचा कारखाना उभा राहिला. त्यांचा प्रभाकर कंदील पुढे खेड्यापाड्यांत पोचला. बरणीआधी कंदिलाची काच आली, हे त्या वेळच्या गरजेला धरूनच झाले.

स्वातंत्र्यानंतर विक्रीला कायद्याची शिस्त लागली. १९५५ च्या फळपदार्थ आदेशाने बाटली अशी मोहोरबंद करायला सांगितली की, परवान्याचा क्रमांक फाडल्याशिवाय ती उघडू नये. २००६ चा अन्नसुरक्षा कायदा २०११ पासून अमलात आला, आणि तो आदेश मागे पडला. चार बरण्या मुरांबा विकायला निघालेल्या बाईपुढचा हिशेब मात्र फारसा बदललेला नाही. शेकड्याने घेतली तर बाटली स्वस्त, डझनाने घेतली तर महाग. म्हणून कोणी भंगारवाल्याकडून जुन्या बाटल्या आणून उकळून घेते. बाटली धुऊन पुन्हा वापरता येते, झाकणाचे तसे नाही. त्याच्या आतले मऊ अस्तर एकदा दबले की पुन्हा घट्ट बसण्याची खात्री नसते. अमेरिकेत १९१५ मध्ये अलेक्झांडर कर याने झाकणाचे दोन भाग केले ते यासाठीच: कडे तेच ठेवायचे, चकती तेवढी दर खेपेस नवी घ्यायची.