चवदार तळ्याचा दावा आणि न आलेला सरकारी वकील

महाडचा सत्याग्रह आपल्या सभांतून, जलशांतून घराघरांत पोचला. त्या तळ्यावर झालेला दिवाणी दावा मात्र आपल्यातल्या फार थोड्यांनी वाचला. दिवाणी कोर्टाची भाषा रुक्ष, हे खरे. पण माणसाचे पाणी आणि जमीन त्याच भाषेत अडवली जाते.

प्रथम सरकारी वकिलाची गोष्ट. दिवाणी दाव्यात तो सरकारची बाजू मांडतो, आणि त्याच्या हाती जी हत्यारे असतात ती सामान्य पक्षकाराजवळ नसतात. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० प्रमाणे सरकारवर दावा लावायचा तर दोन महिने आधी नोटीस द्यावी लागते. १९२१ च्या मालेगावच्या दंगलीनंतर गावकऱ्यांवर बसवलेल्या वसुलीविरुद्ध काहींनी ही मुदत संपण्याआधीच मनाईचा दावा लावला. प्रकरण भारतमंत्र्यांविरुद्ध थेट प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले. १९२७ साली निकाल लागला : कितीही तातडी असो, या कलमाला अपवाद नाही. मुदतीचा कायदाही तसाच. ताबा मागण्यासाठी रयतेला १२ वर्षे, सरकारला ६०. (१९६३ च्या कायद्याने ६० ची ३० झाली, रयतेची १२ तशीच राहिली.)

आता त्याच १९२७ सालचे महाड पाहा. १२ डिसेंबरला स्पृश्यांनी दावा क्रमांक ४०५ दाखल केला. प्रतिवादी पाच, त्यांत पहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १४ डिसेंबरला तात्पुरता मनाई हुकूम निघालाही. दोन दिवस! सरकार प्रतिवादी असते तर दोन महिन्यांची नोटीस आडवी आली असती आणि २५ डिसेंबरची परिषद हुकुमाविनाच पार पडली असती. पण सरकार त्या दाव्यात नव्हतेच. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये ज्या मुंबई कायदेमंडळाने केला, त्याच्या सरकारचा वकील त्या ठरावाच्या बाजूने महाडच्या कोर्टात उभा राहिला नाही. कलेक्टर मात्र परिषदेत आले आणि हुकूम मोडू नका असे सांगून गेले. सत्याग्रह तहकूब झाला.

पुढे हुकूम २३ फेब्रुवारी १९२८ ला उठला. दाव्याचा निकाल ८ जून १९३१ ला आणि ठाण्याचे अपील ३० जानेवारी १९३३ ला स्पृश्यांविरुद्ध गेले. १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयानेही, अनादि वहिवाट सिद्ध झाली नाही म्हणून, त्यांचे अपील फेटाळले. तळे नगरपालिकेचे, हे तोवर वादातीत झाले होते. म्हणजे सार्वजनिक मालमत्तेचा बचाव जवळजवळ दहा वर्षे केला तो पाच अस्पृश्यांनी. त्यांतले एक बॅरिस्टर होते म्हणून तो तडीस गेला. नसते तर?

कलम ८० आजही आहे. १९७६ च्या दुरुस्तीने तातडीच्या वेळी कोर्टाच्या परवानगीची फट ठेवली, इतकेच. गायरान कसणारा आपला भूमिहीन आज कोर्टात जातो तेव्हा सरकारी वकील समोर असतो, आणि तो बोलतो ते तहसीलमधून आलेल्या परिच्छेदनिहाय अभिप्रायांवर. दलित-आदिवासींची अतिक्रमणे नियमित करण्याचा २८ नोव्हेंबर १९९१ चा शासन निर्णय त्या अभिप्रायांत आहे की नाही, हे आपल्या कार्यकर्त्यांनी कैफियतीची नक्कल काढून पाहावे.