लॉक-रिकव्हरी (एनएफएस)

नेटवर्कवरच्या सामायिक फाइलीवर घेतलेले लॉक, सर्व्हर किंवा क्लायंट अचानक बंद पडल्यावर, ज्याचे त्याला परत देण्याची किंवा मोकळे करण्याची पद्धत. सर्व्हर कोसळला की लॉकची यादी त्याच्या मेमरीतून जाते. क्लायंटांकडे मात्र आपापल्या लॉकची नोंद असते. पुढची सगळी व्यवस्था या नोंदीच्या जोरावर चालते.

जुनी व्यवस्था : सन मायक्रोसिस्टिम्सने १९८४ मध्ये तयार केलेली एनएफएस (नेटवर्क फाइल सिस्टिम) मुद्दाम ‘स्टेटलेस’ होती. सर्व्हरने कोणाचे काही लक्षात ठेवायचेच नाही, म्हणजे बंद पडून उठला तरी काम चालू. लॉकला हे जमणारे नव्हते. ते काम एनएलएम (लॉक सांभाळणारा) आणि एनएसएम (यंत्र रीबूट झाल्याचे कळवणारा) या वेगळ्या प्रोटोकॉलांकडे गेले. लिनक्सवर स्टॅटडी हा प्रोग्राम लॉकधारक यंत्रांची नावे डिस्कवर लिहून ठेवतो आणि रीबूटनंतर त्यांना निरोप जातो. मग क्लायंट आपले लॉक पुन्हा मागतात. फायरवॉलने निरोप अडवला की सगळेच फिसकटते. लॉक धरलेला क्लायंट परत उठलाच नाही, तर ते अडकलेले लॉक प्रशासकाने हाताने सोडवायचे.

लीज व ग्रेस पीरियड : एनएफएसच्या आवृत्ती ४ ने (२०००, सुधारित २००३) लॉक मूळ प्रोटोकॉलमध्ये घेतले आणि त्याला मुदत लावली. लिनक्स सर्व्हरवर ही लीज सहसा ९० सेकंदांची असते. रीबूटनंतरच्या ग्रेस पीरियडमध्ये फक्त जुने लॉक परत मागता येतात, नव्या मागणीला ‘थांबा’ असे उत्तर मिळते. आवृत्ती ४.१ पासून (२०१०) क्लायंट ‘माझे मागून झाले’ असे कळवतो.

खरी मेख पुढे आहे. क्लायंट ‘अ’ नेटवर्कवरून तुटतो, त्याची लीज संपते. तेच लॉक ‘ब’ला मिळते, तो फाइल बदलून लॉक सोडतो. तेवढ्यात सर्व्हर रीबूट होतो आणि परतलेला ‘अ’ जुने लॉक आपलेच म्हणून मागतो. ते दिले तर ‘अ’ आपल्याकडच्या शिळ्या प्रतीवरून फाइल लिहील आणि कोणालाही चूक दिसणार नाही. म्हणून ‘अ’ची लीज संपल्याची नोंद डिस्कवर हवी, मेमरीतली चालत नाही.

गणेशा : फ्रान्सच्या अणुऊर्जा संस्थेत, सीईएत, जन्मलेला मुक्तस्रोत एनएफएस सर्व्हर. सेफ (Ceph) या अनेक यंत्रांवर पसरलेल्या साठवण-प्रणालीवर अनेक गणेशा एकत्र चालतात तेव्हा एक पडला तरी सर्वांना ग्रेस पीरियडमध्ये जावे लागते. नाहीतर पडलेल्याकडचे लॉक शेजारचा दुसऱ्यालाच देऊन बसेल.

सौजन्यशील सर्व्हर : लिनक्स ५.१९ (२०२२) पासून, लीज संपली तरी दुसऱ्याने मागेपर्यंत लॉक लगेच काढून घेतले जात नाही.

लस्टर : महासंगणकांवर वापरली जाणारी समांतर फाइल-प्रणाली. रिकव्हरीच्या मुदतीत न परतलेल्या क्लायंटला सर्व्हर बाहेर काढतो.

एसएमबी : विंडोजच्या या प्रोटोकॉलात आवृत्ती ३.० पासून (२०१२) ‘पर्सिस्टंट हँडल’ची, म्हणजे सर्व्हर पडला तरी उघडी फाइल आणि तिचे लॉक टिकवण्याची सोय.